पुढच्या चाकाच्या आडोशाला

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

सायकल ही मुळात एकट्याची गाडी आहे. बैलगाडीत घर मावते, टांग्यात सोयरे मावतात, एसटीत तर गावच्या गाव मावते. सायकलवर बसायला जागा एकच. पुढची दांडी आणि मागचे कॅरिअर या आपण गरजेपोटी शोधून काढलेल्या सोयी. कारखान्याने त्या माणसांसाठी केलेल्या नव्हत्या. असे असताना ही गाडी जगात आल्यावर ती चालवणाऱ्यांनी लगोलग काय केले, तर मंडळे काढली. नियम केले, वर्गणी ठरवली, टोप्या शिवल्या, बिल्ले पाडले. एकट्याच्या गाडीला सोबतीची एवढी गरज का पडावी, हा प्रश्न गेली काही वर्षे माझ्या डोक्यात फिरतो आहे. बी.ए.ला माझा इतिहास हा विषय होता. औद्योगिक क्रांतीच्या धड्यात वाफेचे इंजिन होते, कापडाच्या गिरण्या होत्या, सायकल नव्हती. तिचा इतिहास मी फार उशिरा वाचला, तोही आधी रस्त्यावर घाम गाळल्यावर.

जर्मनीत मानहाइम येथे कार्ल फॉन ड्राइस याने १८१७ साली दोन चाकांची लाकडी गाडी काढली. तिला पायडल नव्हते. पायाने जमीन ढकलत जायचे. पायडल आले ते १८६० च्या दशकात, पॅरिसमध्ये. मग आली उंच चाकाची सायकल. पुढचे चाक माणसाच्या छातीपर्यंत, मागचे परातीएवढे, आणि स्वार वर, घोड्यावर बसल्यासारखा. चाकाखाली दगड आला की स्वार थेट डोक्यावर. पडल्यावर उचलायला कोणी तरी हवे. रस्त्यावरची पोरे दगड मारत, कुत्री मागे लागत, घोडागाडीवाले चाबूक उगारत. तेव्हा जथ्याने जाणे ही हौस नव्हती, शहाणपणा होता. इंग्लंड-अमेरिकेतल्या या मंडळांत एक कप्तान असे, एक बिगूलवाला असे. चढा, उतरा, एका रांगेत या, असे हुकूम बिगुलावर दिले जात. आज हसू येते. पण पलटणीची ही नक्कल करणारी माणसे दुकानांतले कारकून आणि कचेऱ्यांतले लेखनिक होती, हे लक्षात घेतले की हसू जरा आवरते.

१८७० च्या जून महिन्यात चार्ल्स डिकन्स वारला. त्याच महिन्यात लंडनच्या हॅकनी भागातल्या सायकलवाल्यांनी एक मंडळ काढले आणि डिकन्सच्या कादंबरीवरून त्याला पिकविक बायसिकल क्लब असे नाव दिले. प्रत्येक सभासदाने त्या कादंबरीतल्या एकेका पात्राचे नाव घ्यायचे आणि मंडळात त्याच नावाने वावरायचे, अशी त्यांची रीत. मला ही रीत फार आवडली. आपले नाव दाराबाहेर चपलांबरोबर काढून ठेवायचे आणि आत यायचे! नाव ऐकताच माणसाची जात, धर्म, गाव आणि आडगल्ली ओळखण्याची सवय असलेल्या आपल्या मुलखात ही कल्पना कोणी का उचलली नाही, कोण जाणे. अर्थात त्या मंडळाच्या दाराशी नाव काढून ठेवता येत असले, तरी बाईपण काढून ठेवता येत नव्हते. मंडळ पुरुषांचेच होते.

या बाबतीत १८७८ साली इंग्लंडमध्येच हॅरोगेट येथे स्थापन झालेली मोठी संस्था बरीच पुढे होती. पुढे ती सायक्लिस्ट्स टूरिंग क्लब या नावाने ओळखली गेली. हिने दोनच वर्षांत बायकांना सभासद करून घेतले. तीव्र उतारांवर धोक्याच्या पाट्या लावल्या, आणि खाणावळींशी करार करून त्यांच्या भिंतींवर पंख असलेल्या चाकाची खूण लावली. ती खूण दिसली की परक्या गावात सायकलस्वाराला ठरल्या दरात जेवण आणि खाट मिळे. परक्या गावात आपल्यासाठी एक दार उघडे आहे, ही गोष्ट केवढी मोठी असते, हे भाड्याने घर शोधत हिंडलेल्या माणसाला विचारा.

पण त्या खुणेखालीही एकदा दार लागले. १८९८ च्या ऑक्टोबरात लेडी हार्बर्टन ही पन्नाशी उलटलेली बाई सरे परगण्यातल्या ऑकम गावी एका हॉटेलात जेवायला गेली. ही बाई बायकांच्या सुटसुटीत कपड्यांसाठी चळवळ करणारी. सायकल चालवायला तिने घोळदार झग्याऐवजी ढगळ तुमान घातली होती. मालकिणीने तिला मुख्य दालनात येऊ दिले नाही. दारूच्या गुत्त्यालगतच्या खोलीत बसून खा, म्हणाली. क्लबने आपल्या सभासदासाठी हॉटेलच्या मालकिणीवर खटला भरला. १८९९ साली निकाल लागला आणि क्लब हरला. जेवण नाकारले नव्हते, खोली फक्त दुसरी सांगितली होती, असे ज्यूरीला वाटले. ‘तुम्हाला नाही कुठे म्हटले, फक्त तिकडे बसा.’ हे वाक्य कोणत्याही देशात, कोणत्याही भाषेत ओळखीचे वाटते.

इथे माझी स्वतःची थोडी हकिगत सांगायला हवी. मी सोलापूरचा. पन्नाशीच्या उंबरठ्यावर डॉक्टरांनी रक्तातल्या साखरेचा आकडा दाखवला, तेव्हा मी रविवारच्या एका सायकल गटात दाखल झालो. गटात बँकेतले दोघे आहेत, चादरींचा एक व्यापारी आहे, शाळामास्तर आहेत, कॉलेजची पोरे आहेत. पहाटे निघायचे, हिप्परग्याचा तलाव, तामलवाडी, आणि अंगात दम असेल तर तुळजापूरचा घाट. हा रस्ता जथ्यांना नवा नाही. कोजागिरीला सोलापुरातून हजारो माणसे याच रस्त्याने तुळजापूरला पायी जातात. लहानपणी आम्ही रस्त्याकडेला उभे राहून तो लोंढा बघत असू. त्या रस्त्यावर आता मी चाकांवरून जात होतो.

गटात पहिल्या दिवसापासून पोरे मला ‘चाचा’ म्हणू लागली. माझ्याच वयाच्या बँकवाल्यांना ‘काका’, मला ‘चाचा’. यात वाईट हेतू कोणाचाच नव्हता, उलट प्रेमच होते. मी आयुष्यभर मराठीत कविता लिहिली, स्वप्नेही मराठीतच पडतात; तरी काका आणि चाचा यांच्यामध्ये एक बारीक तार ताणलेली असते. ती दिसत नाही, पायाला लागते.

रस्त्यावर मात्र वेगळाच कारभार चालतो. सायकलवाला एकटा जातो तेव्हा त्याचा मोठा शत्रू वारा. वेग वाढला की बहुतेक ताकद वारा कापण्यातच जाते. पुढच्या सायकलच्या मागे हातभर अंतरावर राहिले, तर त्याच्या पाठीच्या आडोशाने आपले चतुर्थांश, कधी त्याहूनही जास्त श्रम वाचतात. म्हणून पुढे कोणी राहायचे याच्या पाळ्या लावायच्या. पुढचा थकला की बाजूला होऊन शेवटी जातो, दुसरा पुढे येतो. मागच्याला पुढचा रस्ता दिसत नाही, तेव्हा खड्डा, खडी, कुत्रा, जे काय असेल ते पुढच्याने हात दाखवून किंवा ओरडून सांगायचे. दुसऱ्याच्या डोळ्यांवर आपली हाडे सोपवायची, असा हा सौदा. सोलापुरात ओळखीच्या-अनोळखीच्या सगळ्यांना ‘मालक’ म्हणायची पद्धत आहे. तेव्हा आमच्याकडे हाक येते, ‘मालक, खड्डा!’ त्या हाकेत काका नाही, चाचा नाही. तेवढ्या घाईत कोण कोणाचे नाते शोधणार?

मी खुशीत होतो, आणि खुशीत असलेला माणूस त्या खुशीचा इतिहास शोधायला लागतो. तो शोधताना मला अमेरिकेतली एक शिवणकाम करणारी मुलगी भेटली आणि माझी झोप उडाली.

१८८० साली ऱ्होड आयलंडमधल्या न्यूपोर्ट येथे लीग ऑफ अमेरिकन व्हीलमेन या नावाची राष्ट्रीय संस्था निघाली. अमेरिकेतले रस्ते तेव्हा पावसाळ्यात चिखलाचे आणि उन्हाळ्यात फुफाट्याचे. मोटार अजून यायची होती. चांगले रस्ते द्या म्हणून सरकारकडे धोशा लावला तो या सायकलवाल्यांनी. त्यांनी त्यासाठी मासिक काढले, निवडणुकीत उमेदवारांना प्रश्न विचारले. १८९३ साली अमेरिकेच्या केंद्र सरकारला रस्त्यांच्या चौकशीसाठी शेतीखात्यात एक कचेरी उघडावी लागली, त्यात या चळवळीचा मोठा वाटा होता. एव्हाना उंच चाक जाऊन दोन सारख्या चाकांची, साखळीची सायकल आली होती. स्टार्लीची ‘रोव्हर’ १८८५ ची, डनलॉपचे हवेचे टायर १८८८ चे. बायका, कारकून, कारागीर, सगळेच सायकलवर बसू लागले. लीगची सभासदसंख्या वाढत १८९८ च्या सुमारास एक लाखावर गेली.

एवढी चांगली संस्था. पण १८९४ च्या फेब्रुवारीत केंटकीतल्या लुइव्हिल येथे तिची सभा भरली आणि सभासदत्वाच्या कलमात एक शब्द घातला गेला: ‘गोरा’. यापुढे गोऱ्या माणसालाच सभासद होता येईल. लुइव्हिलच्याच एका वकिलाने हा ठराव लावून धरला होता. दक्षिणेतले लोक काळ्यांबरोबर एका संस्थेत बसणार नाहीत, त्यांना आणायचे तर ही अट हवी, असा त्यामागचा हिशेब. सगळ्यांनाच तो मान्य नव्हता. मॅसॅच्युसेट्ससारख्या राज्यातून विरोध झाला. पण ठराव मंजूर झाला. रस्ता सगळ्यांसाठी मागणाऱ्या संस्थेने स्वतःच्या दाराला कडी घातली.

आता ती मुलगी. तिचे नाव किटी नॉक्स. जन्म १८७४ चा, बॉस्टनजवळच्या केंब्रिजचा. वडील काळे, धंद्याने शिंपी. आई गोरी, गिरणीत काम केलेली. वडील लवकर गेले. किटी शिवणकामावर पोट भरी आणि उरलेल्या वेळात सायकल चालवी, तीही अशी की बघणारे थांबून बघत. बॉस्टनमध्ये काळ्या सायकलस्वारांचे रिव्हरसाइड मंडळ होते, त्यात ती होती. आणि १८९३ पासून लीगचीही सभासद होती. म्हणजे तो शब्द कलमात घुसण्याच्या आधीपासून. सायकल चालवायचा पोशाख तिने स्वतः बेतून, स्वतः शिवला होता: गुडघ्याखाली आवळलेली ढगळ तुमान. १८९५ च्या उन्हाळ्यात बॉस्टनजवळ वॉल्थमच्या पोशाख-स्पर्धेत तिला बक्षीस मिळाले, आणि प्रेक्षकांतल्या काहींना ते रुचले नाही.

त्याच जुलैत न्यू जर्सीतल्या अॅस्बरी पार्क या समुद्रकाठच्या गावी लीगचे वार्षिक संमेलन भरले. किटी बॉस्टनच्या मंडळींबरोबर तिथे गेली. लीगच्या कार्यालयासमोर तिने सायकलच्या दोन-चार कसरती करून दाखवल्या, मग आत जाऊन सभासदाचे कार्ड पुढे केले आणि बिल्ला मागितला. तिथल्या माणसाने कार्ड पाहिले, तिच्याकडे पाहिले, आणि नाही म्हटले. पुढे नेमके काय घडले याबद्दल त्या वेळच्या वर्तमानपत्रांचा आपसात मेळ नाही. कोणी लिहिले की ती रागाने निघून गेली, कोणी लिहिले की बहुतेकांनी तिचीच बाजू घेतली. पण ती संमेलनात वावरली, सायकलवर हिंडली, रात्री नाचाच्या कार्यक्रमातही होती, असे दिसते. अखेर लीगला मान्य करावे लागले की नियम मागच्या तारखेपासून लागू होत नाही. किटी नॉक्स सभासद आहे आणि राहील. म्हणजे वीस वर्षांच्या त्या मुलीला आत ठेवले ते माणुसकीने नव्हे, तारखेने. १९०० साली ती मूत्रपिंडाच्या विकाराने वारली. वय सव्वीस. केंब्रिजमधल्या तिच्या कबरीवर दगड बसवला गेला तो २०१३ साली.

आणि ते कलम? लीग पुढे खंगली, बंद पडली, पुन्हा उभी राहिली, नाव बदलून आजही आहे. तो शब्द रीतसर मागे घेण्याचा ठराव झाला १९९९ साली. एकशे पाच वर्षे तो शब्द कागदावर बसून होता. सायकलवर बसलेल्या कितीतरी भल्या माणसांना त्याचा पत्ताही नसेल. कागदावरच्या शब्दांचे हेच भय असते. कोणाचे लक्ष नसतानाही ते आपले काम करत राहतात.

शर्यतीत तर आडोशाचाही फास होतो. मेजर टेलर हा इंडियानापोलिसचा काळा सायकलपटू १८९९ साली मॉन्ट्रियल येथे एक मैलाच्या शर्यतीत जगज्जेता झाला. त्याला हरवणे एकेकट्याला जमेना, तेव्हा बाकीचे मिळून त्याच्या पुढे, बाजूला, मागे सायकली घालून त्याला कोंडत. १८९७ साली मॅसॅच्युसेट्समधल्या टॉन्टन गावी एका शर्यतीनंतर एका गोऱ्या स्पर्धकाने त्याचा गळा आवळला, तो बेशुद्ध होईपर्यंत. चार माणसे जवळजवळ सायकली चालवू लागली की ती एकमेकांचे झालेच, असे समजणाऱ्याने हे प्रकरण वाचावे.

इंग्लंडमध्ये मात्र याच काळात याच्या अगदी उलटे काही घडत होते. रॉबर्ट ब्लॅचफर्ड या पत्रकाराने १८९१ साली मँचेस्टरमध्ये ‘क्लॅरियन’ नावाचे समाजवादी साप्ताहिक काढले. १८९४ च्या फेब्रुवारीत, म्हणजे लुइव्हिलला तो ठराव होत होता त्याच महिन्यात, बर्मिंगहॅममध्ये या साप्ताहिकाच्या हातावर मोजण्याइतक्या तरुण वाचकांनी सायकल मंडळ काढले. टॉम ग्रूम हा त्यांचा पुढारी. आठवडाभर कारखान्यात घालवलेल्या माणसांनी रविवारी गावाबाहेर पडायचे, हवा खायची, आणि जाता जाता खेड्यापाड्यांत पत्रके वाटायची, भाषणे करायची, असा बेत. सायकल तेव्हा स्वस्त नव्हती. कामगाराच्या कित्येक आठवड्यांची मजुरी तीत जाई. जुनी घेत, हप्त्याने घेत. १८९५ च्या ईस्टरला डर्बिशरमधल्या अॅशबर्न येथे निरनिराळ्या गावांची क्लॅरियन मंडळे जमली आणि त्यांचा राष्ट्रीय संघ झाला.

या लोकांची एक गंमत मला फार भावते. रस्त्यात समोरून क्लॅरियनवाला आला की एकाने ओरडायचे, ‘बूट!’ दुसऱ्याने उत्तर द्यायचे, ‘स्पर!’, म्हणजे घोडेस्वाराच्या टाचेला असते ती टोचणी. नाव नको, गाव नको. अनोळखी माणसाला एका शब्दात आपला करायची ही युक्ती. मला आमची ‘मालक’ ही हाक तिच्या कुळातली वाटते. त्यांनी गावाबाहेर स्वतःची विश्रांतिगृहेही बांधली. त्यांतले लँकाशरमधले नेल्सन गावाजवळचे घर १९१२ चे. तिथे अजून रविवारी वाटसरूंना चहा मिळतो.

या मंडळात बायकाही होत्या. मतदानाच्या हक्कासाठी पुढे तुरुंगात गेलेल्या पँखर्स्ट बहिणी, क्रिस्टाबेल आणि सिल्व्हिया, तरुणपणी मँचेस्टरच्या क्लॅरियनबरोबर सायकली चालवत. थोरली बहीण चढावर आपल्याला मागे टाकून निघून जाई, असे सिल्व्हियाने लिहून ठेवले आहे. समाजवादी असो की आणखी कोणी, चढावर माणूस कळतो.

क्लॅरियनचे सगळेच साजरे होते असे नाही. ब्लॅचफर्डने बोअर युद्धात आणि नंतर १९१४ च्या महायुद्धात सरकारची बाजू घेतली, वाचक दुरावले, साप्ताहिक पुढे बंद पडले. गंमत अशी की सायकल मंडळ टिकले. १९३० च्या दशकात त्याचे आठ हजारांवर सभासद होते. २०२१ साली तर त्यांच्यात घटनेतले ‘समाजवाद’ हे तत्त्व काढावे की ठेवावे यावर वाद होऊन ते काढले गेले आणि संघात फूट पडली. इथेही भांडण शेवटी कागदावरच्या एका शब्दाचेच. जर्मनीत १८९६ साली ऑफेनबाख येथे निघालेला ‘सॉलिडारिटेट’ हा कामगारांचा सायकल संघ तर याहून प्रचंड होता. त्याचा स्वतःचा सायकलींचा कारखाना होता. १९३३ मध्ये हिटलरच्या राजवटीने त्याच्यावर बंदी घातली आणि कारखाना काढून घेतला. एकत्र सायकली चालवणाऱ्या माणसांची हुकूमशहाला भीती वाटते, यावरून त्या सोबतीची ताकद कळावी.

आपल्याकडे काय होते? मुंबईच्या एका वजन उचलणाऱ्यांच्या क्लबातले सहा पारशी तरुण १५ ऑक्टोबर १९२३ रोजी सायकलींवरून जगप्रदक्षिणेला निघाले. इराण, इराक, सीरियाचे वाळवंट, युरोप, अमेरिका, जपान, चीन असे करत अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे १९२८ च्या मार्चमध्ये परत आले. चव्वेचाळीस हजार मैल. बाकीचे तिघे वाटेत गळले. साडेचार वर्षे एकमेकांचे चेहरे बघत, एकमेकांच्या पंक्चरी काढत काढलेली ही माणसे. त्यांच्या १९३१ च्या पुस्तकाला जवाहरलाल नेहरूंची प्रस्तावना आहे. आपल्या शालेय पुस्तकांत मला ही नावे कधी दिसली नाहीत.

पण आपल्याकडचे खरे सायकल मंडळ मी घरीच पाहिले होते, आणि ते मंडळ आहे हे मला कळले नव्हते. सोलापूर हे गिरण्यांचे गाव. पहिली गिरणी १८७७ ची. माझे अब्बा गिरणीत होते. भोंगा झाला की रस्ता सायकलींनी भरून जाई. काळ्या सायकली, दांडीला अडकवलेला डबा, मडगार्डवर वाळलेला चिखल. रात्रपाळी सुटली की आमच्या बाजूचे सात-आठ जण जोडीने निघत. त्यांत तेलुगू बोलणारे पद्मशाली होते, कानडी बोलणारे लिंगायत होते, मराठे होते, आणि घरी दखनी बोलणारे आम्ही. चौघांच्या चार भाषा, आणि शिव्या मात्र समाईक. रात्री सायकलला दिवा लावणे सक्तीचे. पोलिसाने धरले की दंड. डायनामो सगळ्यांना परवडत नसे. ज्याचा दिवा चालू तो पुढे, बाकीचे त्याच्या उजेडात मागे. चेन उतरली की सगळे थांबत. वर्गणी नव्हती, वही नव्हती, कलम नव्हते, म्हणून कलमात शब्द घालायची सोयही नव्हती.

शहरात कधी ताण असला, तर रात्रपाळीनंतर ते सगळे आपली नेहमीची वाट सोडून आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत येत. अब्बा आत शिरेपर्यंत थांबत. मग घंटी वाजवून वळत. अम्मी ती घंटी ऐकून दिवा मालवी. पुढे कधी त्यांच्यातल्या एकाच्या वस्तीत गडबड झाली, तेव्हा अब्बा त्याला पोहोचवायला गेले होते. आम्ही पोरे पहाटेपर्यंत जागे होतो. याबद्दल ना अब्बा कधी काही बोलले, ना ती माणसे. बोलण्यासारखे काही आहे असे त्यांना वाटत नसावे. अमेरिकेतल्या त्या लाख सभासदांच्या लीगपेक्षा मला ही सात-आठ माणसांची टोळी थोर वाटते. मी त्या घरातला, तेव्हा माझे मत पक्षपाती धरायला हरकत नाही. गिरण्या एकेक करून बंद पडल्या, तशी भोंग्याबरोबर ती टोळीही गेली.

त्या टोळीतही बाई नव्हती, हे सांगायला हवे. आमच्या थोरल्या बहिणीला, आपाला, सायकल यायची. अंधार पडल्यावर चाळीमागच्या मैदानात, दांडीखालून पाय घालून ती शिकली. लग्न ठरले आणि सायकल सुटली. तेव्हा कोणालाच त्यात विशेष वाटले नाही.

म्हणून १९९० च्या दशकातली तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्याची हकिगत वाचताना मी पुन्हा पुन्हा मागे जाऊन ओळी वाचल्या. साक्षरतेची ‘अरिवोळी’ मोहीम चालू होती. शीला राणी चुंकथ जिल्हाधिकारी होत्या. खेड्यापाड्यांत शिकवायला जाणाऱ्या कार्यकर्त्या बायका पुरुषांच्या सवडीवर अडकून राहू नयेत, म्हणून मोहिमेत सायकल शिकणे घातले गेले. आणि मग लोट उठला. शेतमजूर बाया, दगडखाणीत खपणाऱ्या, अंगणवाडीतल्या, कर्मठ घरांतल्या तरुण मुसलमान मुली, सगळ्या सायकली शिकू लागल्या. मेळ्यांना हजारोंनी जमल्या. पी. साईनाथ यांनी आपल्या पुस्तकात यावर लिहिले आहे. पुरुषांनी टोमणे मारले, पण एकटीदुकटीला मारलेला टोमणा लागतो. रस्ताभर बाया जात असल्या तर मारणारा थकतो. लेडीज सायकली दुकानांत पुरेनात, तेव्हा त्यांनी पुरुषी सायकली घेतल्या. काहींना तर त्याच पसंत पडल्या, कारण मधल्या दांडीवर पोर बसवता येते.

आमच्या रविवारच्या गटात आता अकरा मुली आणि बायका आहेत. हिजाबवर हेल्मेट नीट बसते की नाही यावर मध्यंतरी बराच खल झाला आणि चादरवाल्या व्यापाऱ्याच्या बायकोने पट्टा सैल करून तो मिटवला. माझी पुतणीही येते. ती मला चाचाच म्हणते, दुसरे काय म्हणणार. तिच्या बरोबरच्या मुलींनीही ते उचलले, आणि परवा बँकवाल्या काकांना तिने पाठीमागून ‘मालक, खडी!’ अशी हाक दिली तेव्हा ते सायकलीसकट दचकले. तुळजापूरच्या घाटात ती मला मागे टाकून जाते. वर पोचली की रसाच्या गाड्यापाशी सायकल टेकवून उभी राहते, आणि शेवटचा माणूस येईपर्यंत कोणाला रस पिऊ देत नाही. शेवटचा बहुधा मीच असतो.